उत्तर कुठे पाठवायचं

९ मार्च

प्रिय वहिनी,

पत्राला उशीर झाला असं लिहिणार होतो, पण उशीर म्हणजे एक-दोन आठवड्यांचा. हे सरळ टाळणं होतं. चार महिने टाळलं. दोनदा सुरुवात केली होती. पहिलं पत्र शर्टाच्या खिशात राहिलं आणि धुऊन निघालं. दुसऱ्याच्या पाठीवर मी एका माणसाला स्टेशनचा रस्ता काढून दाखवला, तर तो कागद घेऊनच गेला. रागावू नकोस. रागावलीस तरी दादाला सांगू नकोस, तो “मी म्हटलंच होतं” म्हणेल आणि आठवडाभर तेच म्हणत राहील.

सध्या मी वकिलांकडे आहे. आरोपी म्हणून नाही, कामाला! आधी दोन महिने फर्निचर वाहणाऱ्या गाडीवर होतो, मग एका छापखान्यात. तिथं मालकाचा पोपट होता. मालक कधी शिवी देत नसे, पोपट सोडत नसे, त्यामुळे सगळे पोपटालाच टरकून असत. तर ते असू दे.

कचेरी सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. दोन खोल्या, तीन वकील. थोरले वकील, यांना आपण फोटोत कसे दिसतो याची फार काळजी. वकीलबाई, साठीच्या, काठी टेकत चालतात आणि निम्मं बोलणंही काठीनंच करतात. आणि चष्मेवाला, आपण वकील झालोय हे अजून त्यालाच पटलेलं नाही. या कचेरीचा एक नेम आहे. दर शनिवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये टेबल टाकायचं, समोर एक खुर्ची ठेवायची, आणि त्या खुर्चीवर जो बसेल त्याचं काम फुकट करायचं. नऊ वर्षांत एक शनिवार चुकलेला नाही. वकीलबाईंच्या वडिलांचं प्रेत घरात होतं तेव्हासुद्धा त्या दोन तास बसल्या होत्या म्हणे. मग मला कुठली सुट्टी? मी फॉर्म भरतो.

वहिनी, काय काय येऊन बसतं त्या खुर्चीत! एका म्हाताऱ्याचा अंगठा त्याच्या मुलानं दारात चेपला होता, कागदावर उठवून घ्यायला. नख नव्हतंच. एक बाई आली ती रुमालात कान घेऊन. कानाला रुमाल लावून नाही, रुमालात कान. मी बाहेर जाऊन ओकलो. परत आलो तर वकीलबाई म्हणतात, “झालं ओकून? मग तारीख घाल.”

एक शिंपीण येते. उंच आहे, बसली तरी उभी वाटते. नवरा बेकरीत भट्टीवर. त्यानं तिचा दंड गरम इस्त्रीखाली धरला होता, होडीसारखा डाग आहे. ती म्हणाली, “कडक इस्त्री केली हो माझी.” मी हसलो, मग हसलो म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग तीच हसली. तिला मशीन घेऊन घर सोडायचंय. फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो, ‘उत्तर कुठे पाठवायचं’. ती म्हणाली, “कुठेच नको बाबा. मी येते ना दर शनिवारी.” तेवढ्यात रस्त्यावर एक ट्रक विजेच्या खांबाला जाऊन भिडला. मी बघायला धावलो. परत येईपर्यंत ती गेलेली. रिकामा रकाना वकीलबाईंना खपत नाही, म्हणून मी तिथं तिच्या घरचाच पत्ता टाकून दिला.

तुझं मनगट कसं आहे? मी निघालो त्या दिवशी पट्टी होती. जिन्यावरून जपून चढत-उतरत जा गं.

तुझा,
भिंगरी

२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. ह्यांनी आधी वाचलं. घरात आलेला कागद ह्यांच्या हातून गेल्याशिवाय माझ्याकडे येत नाही, तुला ठाऊकच आहे. पोपटाला खूप हसले. शिंपिणीचं वाचून म्हणाले, “घरची धुणी चव्हाट्यावर धुवायची हौस असते एकेकीला.” मी भांडी घासत होते, घासत राहिले.

मनगट बरं आहे. आता दाताचं निघालंय. पुढचा एक गेला, पडले परत. एक फायदा झाला, शीळ छान वाजते.

हे पत्र मी किराणावाल्या मावशीच्या दुकानात पोत्यांमागे बसून लिहितेय. मावशी पाकीट देते आणि सल्लाही देते, सल्ला न मागता. ती तुला विचारते की लग्न करणार आहेस की गाव मोजत फिरणार आहेस.

एक विचारायचं होतं. नुसतं आपलं कुतूहल. त्या शिंपिणीला कागद कोणकोणते लागले? एखादीचा लग्नाचा दाखला नवऱ्याच्या पेटीत कुलपात असेल तर अडतं का? आणि बाई बाहेरगावची असली तर वकीलबाई घेतात का तिचं काम?

उत्तर मावशीच्या दुकानावर पाठव. घरी नको, दुकानावर. दोनदा लिहिलं, कारण मी तुला लहानपणापासून ओळखते. तुला मीठ आणायला धाडलं की तू भोवरा घेऊन यायचास.

वेळेवर जेवत जा.

तुझी वहिनी

१७ जून

प्रिय वहिनी,

अडीच महिने तुला उत्तर दिलं नाही. या खेपेला विसरलो नव्हतो. अक्षर वाकडं आहे ते समजून घे, उजव्या पंजाची दोन हाडं मोडलीयत. कशानं ते सांगतो. सरळ सांगतो, मध्ये पोपट येऊ देत नाही.

मे महिन्यात शनिवारच्या टेबलाला दहावं वर्ष लागलं. थोरल्या वकिलांना वाटलं, एवढी समाजसेवा करतो आणि बोभाटा काही नाही. त्यांनी आभाराचं पत्र छापून घेतलं. गुळगुळीत कागद, वर तिघांचा फोटो, खाली ‘आमच्या टेबलावर विश्वास ठेवल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार’. आजवर आलेल्या प्रत्येकाला ते पाठवायचं. वकीलबाई त्या आठवड्यात कोर्टात अडकल्या होत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही. चारशे बारा पाकिटं. फॉर्मच्या शेवटच्या रकान्यातले पत्ते उतरवून मी ती चिकटवली. गाणं म्हणत चिकटवली, वहिनी. त्यातलं एक शिंपिणीच्या घरी गेलं.

पाकीट भट्टीवाल्यानं उघडलं. तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग कापड मोजायचा लाकडी गज घेतला. जबडा दोन ठिकाणी मोडला. ती पडली तशी तिचा उजवा हात मशीनच्या टेबलावर ओढून इस्त्रीच्या बुडानं तीन बोटं ठेचली. म्हणाला, “आता शिव.” शेजाऱ्यांनी आवाज ऐकले, त्यांना वाटलं भिंतीत खिळे मारतोय.

इस्पितळात तिचे दात तारांनी बांधून टाकलेत, बोलता येत नाही. नळीनं पिते. आम्ही गेलो तर डाव्या हातानं पाटीवर लिहिलं, ‘घरी पत्र कुणी धाडलं?’ चष्मेवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, “कचेरीतून गेलं.” कचेरीतून! जसे काही कचेरीला हात असतात.

वकीलबाईंना मात्र खरं सांगितलं. वाटलं हाकलतील. त्या म्हणाल्या, “हाकललं तर सुटशील. सोमवारी तिचं सामान आणायला तू जायचंस.” त्याचाही नेम आहे. घर सोडणाऱ्या बाईचं सामान आणायला कचेरीतली दोन माणसं जातात. अर्धा तास. काही झालं तरी हात उचलायचा नाही. समोरच्यानं मारलं तर खायचं आणि पिशवी भरायची.

मी आणि चष्मेवाला गेलो. नवऱ्याला पोलिसांनी नेलंय असंच आम्ही धरून चाललो होतो. तो दोन दिवसांत सुटून आला होता आणि कुणी कळवलं नव्हतं. तो दारामागेच होता. त्यानं दार चष्मेवाल्याच्या तोंडावर आपटलं. काच भुवईत घुसली, रक्तानं त्याला काही दिसेना, तो कॉलर चाचपत उभा, जसा चष्मा तिथं सापडणार आहे.

गज कोपऱ्यात पडलेला. त्यावर तिचे केस चिकटलेले होते. मी उचलला. पहिला खांद्यावर बसला, दुसरा कानावर. पुढचे मोजले नाहीत. गज मोडला तेव्हा हातानं सुरू केलं. चष्मेवाला मागून ओरडतोय, “अरे नेम! नेम!” भट्टीवाल्याचा एक डोळा गेला, वहिनी. परत दिसणार नाही म्हणाले डॉक्टर. आणि खरं सांगू? मारताना फार बरं वाटत होतं. भूक लागल्यावर जेवल्यासारखं.

तो खाली पडून, हात डोक्यावर घेऊन म्हणत होता, “पुरे, पुरे, चुकलं माझं, पुरे.”

हे शब्द मी याच चालीत ऐकलेले होते. भिंतीपलीकडून. दहा वर्षं मी उशी कानावर दाबून झोपलो, आणि सकाळी तू म्हणायचीस जिन्यावरून पडले, आणि मी म्हणायचो जपून चढ.

आपलं घर तळमजल्यावर आहे, वहिनी. आपल्याला जिना कुठाय?

तुझं ते कुतूहल नव्हतं. तर ऐक. दाखल्यावाचून अडत नाही, इथं आल्यावर नक्कल मागवता येते. बाहेरगावच्या बाईचं विचारायचं राहिलं, पण खुर्चीवर बसलेल्याला त्या परत पाठवत नाहीत. सकाळी सातची बस आहे, मध्ये एकदा बदलावी लागते. वेळापत्रक सोबत ठेवतोय, खुणा केल्यात. मीच आलो असतो, पण मला पोलिसांनी धरलं होतं. वकीलबाईंनी स्वतः जामीन दिला, शहर सोडायचं नाही या अटीवर. दादा कामावर गेला की निघ. काही घेऊ नकोस. निघ.

भिंगरी

२६ जून

भिंगरी,

पत्र मिळालं. घरच्या पत्त्यावर आलं, घरच्या माणसानं वाचलं. तुझ्या वहिनीला सध्या लिहायला जमत नाही म्हणून मी लिहितो. अक्षराला हसू नकोस, आमचा हात लाकडावर चालतो.

तू म्हणतोस आपल्या घराला जिना नाही. बरोबर आहे. मी सुतार आहे. बांधून घेतो एक.

आई-बाप गेल्यावर तुला मी वाढवलं. तू त्याचं नाव काढलंस ते छापखान्यात पोपटाच्या शिव्या खाऊन. पण त्या भट्टीवाल्याचं वाचून मात्र छाती भरून आली. रक्त आपलंच आहे. हात वर जातो तेव्हा काय होतं आणि नंतर डोकं कसं शांत होतं, हे मी सांगून तुला कळलं नसतं. आता कळलं. मग वकिलीण कशाला मध्ये आणतोस? दोघं भाऊ आहोत, समजून घेऊ.

तू पाठवलेलं बसचं वेळापत्रक तिच्या नजरेसमोर भिंतीला ठोकलंय. रोज बघते. दुकानात आता ती जात नाही, सामान मीच आणतो.

पुन्हा लिहू नकोस.

दादा

१ जुलै

प्रिय वहिनी, आणि वहिनी येत नसेल तर मावशी, तुम्हीच हे वाचा आणि आत्ताच्या आत्ता उठा. मागच्या पानावरचं नंतर वाचा, आधी तिच्या घरी जा. दादा तिला मारतो. नेहमीच मारत होता. तिला कोंडलंय बहुतेक.

वहिनी, तुझं पत्र समोर ठेवून मी पाकीट लिहिलं होतं. समोर ठेवून! ‘दुकानावर’ दोनदा लिहिलेलं मला दिसत होतं. डोक्यात गज होता, डोळा होता, बस होती, आणि हातानं सवयीनं घरचा पत्ता लिहिला. एका बाईचा जबडा मोडून झाला तरी या हाताला अक्कल आली नाही. मोडला तेच बरं झालं.

दादाचं पत्र घेऊन मी शनिवारी टेबलावर गेलो. हॉल भरलेला. वकीलबाईंनी ते दोनदा वाचलं, घराचा आणि दुकानाचा पत्ता विचारून लिहून घेतला आणि तुमच्याकडच्या पोलिसांना फोन लावला. पलीकडचा विचारतो, “बाईनं स्वतः तक्रार दिलीय का?” मी वकीलबाईंना म्हटलं, “सामान आणायला माणसं जातात ना, तशी पाठवा.”

“कुणाला पाठवू? तू जामिनावर. तुझ्या जोडीदाराच्या भुवईला अकरा टाके. आणि आपलं टेबल या शहरापुरतं आहे, भिंगरी. खुर्चीवर कुणी येऊन बसलेलं नाही.”

“तिला खुर्चीपर्यंत येता आलं असतं तर तिला तुमची गरजच काय होती?” मी ओरडलो. थोरले वकील म्हणाले, “आवाज खाली.” मी त्यांनाही काय काय बोललो. फोटोवरून बोललो. ते इथं लिहीत नाही.

बाकावर शिंपीण होती. ती इस्पितळातून सुटल्यापासून शनिवारी येऊन बसते. हॉलमधले सगळे माझ्याकडे बघत होते आणि ती दादाच्या पत्राकडे. मग मी तिच्यापुढे जाऊन सांगून टाकलं. पत्ता मी लिहिला. तुम्ही नको म्हणाला होतात, मी ट्रक बघायला धावलो होतो, परत येऊन रकाना भरला. पाकीटही मीच चिकटवलं.

ती उठली. डाव्या हातानं कानाखाली अशी ठेवून दिली की मी बाकावरून पलीकडे गेलो. कान अजून वाजतोय. मग माझ्या हातातलं दादाचं पत्र काढून घेतलं, उभ्यानं वाचलं, जाऊन वकीलबाईंसमोरच्या खुर्चीवर बसली आणि पाटीवर लिहायला लागली. वकीलबाईंनी काठीनं मला दार दाखवलं. माझी तक्रार लिहून देत असणार. देऊ दे, माझी ना नाही. जन्मात ती मला माफ करणार नाही, आणि का करावी?

वहिनी, तू बरी आहेस एवढंच कुणीतरी कळवा. मावशी, पाया पडतो.

भिंगरी

४ जुलै

प्रिय भिंगरी,

मावशीच्या दुकानामागच्या खोलीत आहे. जिवंत आहे, आधी तेच लिहिते.

काल दुपारी तुझं पत्र वाचून मावशी तराजूतलं पाच किलोचं वजन हातात घेऊन घरी आली आणि त्या वजनानं कुलूप तोडलं. वाटेत एकानं विचारलं, मावशी, वजन घेऊन कुठे? म्हणाली, “मापात काढायला.” मला पाठुंगळीच आणलं म्हण ना. ती सत्तरीची आहे रे.

जिना त्यानं खरंच बांधला. स्वयंपाकघरात, भिंतीला टेकवून, पाच पायऱ्या. वर काही नाही, नुसती भिंत. काम सुरेख केलंय, रंधा मारून अगदी गुळगुळीत. रोज कामावरून आला की हातपाय धुवायचा आणि म्हणायचा, “चढ.” वर गेले की ढकलायचा. “आता तुला लोकांशी खोटं बोलावं लागणार नाही,” म्हणायचा. सहा दिवस. दोन बरगड्या गेल्यात आणि डावा घोटा भोपळ्याएवढा झालाय. चौथ्या दिवशी मी आपणहून चढले, त्यानं म्हणायच्या आधी. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

तू चुकलास. नाही म्हणणार नाही, शेवटच्या पायरीवर तुला खूप शिव्या घातल्या. पण तू ते लिहीपर्यंत मलाही वाटायचं की मी पडते. दहा वर्षं सांगून सांगून माझंच मला खरं वाटायला लागलं होतं. तुझं पत्र त्यानं मला वाचून दाखवलं ते घाबरवायला. ‘आपल्याला जिना कुठाय’ हे त्याच्या तोंडून ऐकलं आणि डोक्यात दिवा लागल्यासारखं झालं.

आज सकाळी त्यानं दुकानाची काच फोडली. मावशीचं कपाळ फुटलंय, हळद दाबून बसलीय. तिनं पोलिसांना फोन केला. “घरचा मामला आहे, बघतो,” म्हणाले. अजून बघतायत. तो रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून आहे, मांडीवर लाकूड कोरायची मोठी पटाशी. जाणारे-येणारे त्याला हात करतात, तोही हसून करतो. कुणाच्या कपाटाचं दार करायचंय त्याचं माप लिहून घेतलं मघाशी, तिथंच बसून! सहाला दुकान बंद होतं, आणि शटर बाहेर जाऊन ओढावं लागतं. त्याला ते माहीत आहे. आता सव्वापाच झालेत. मावशी म्हणते, आज दुकान उघडंच ठेवू. पण मागच्या दाराला कडी नाही आणि पुढच्याला काच नाही.

मी सहाच्या आत त्याच्यासमोर जाणार आहे. मावशीनं माझ्यापायी आणखी मार खाऊ नये. हे पत्र मावशीकडे देऊन ठेवते. माझं काही झालं तर तू त्याच्या अंगावर जाऊ नकोस. ते तुला आवडेल, तूच लिहिलंयस, म्हणून सांगते. वकीलबाईंकडे जा, फॉर्म भरत राहा, आणि रकाना विचारून भर.

थांब. बाहेर गाडी थांबल्यासारखी वाटली.

मावशी पोत्यांवरून डोकावतेय. म्हणते, “कोण गं ही बाई? तोंड बांधलंय की काय?” गाडीत मागे एक म्हातारी आहे, खिडकीतून काठी बाहेर काढून ड्रायव्हरला ओरडतेय, इंजिन बंद करू नकोस म्हणून.

मी पण पाहिलं. उंच बाई. पट्टी हनुवटीपासून डोक्यापर्यंत, उजवा हात प्लास्टरमध्ये. तो बाकावरून उठलाय. तिच्या आडवा जाऊन उभा राहिला. काहीतरी विचारतोय, हसत. ती बोलत नाही. त्यानं पटाशी तिच्या गळ्याशी धरलीय. रस्त्यावरचे सगळे थांबलेत. ती त्याच्या हाताकडे बघते, मग त्याच्या तोंडाकडे, आणि चालायला लागलीय. पटाशी तशीच असताना. तोच मागे सरकतोय, भिंगरी. एक पाऊल, अजून एक.

फुटक्या काचेवर पाय वाजले. तुझी शिंपीण दुकानात आलीय.